ब्रेकला पांढरा रंग

ब्रेकला कोणता रंग द्यायचा यावरून एखाद्याची नोकरी जाऊ शकते, असं मी कोणाला सांगितलं तर तो आधी हसतो. हसू नका. आमच्या शाळेत गेली. मी तिथं होतो, आणि ती वाचवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कुठं रागावलो तर हा कोणावर रागावतोय असा प्रश्न पडणार नाही. सगळ्यांवरच. त्यात मीही आलो.

आमची शाळा हिंगोलीपासून फार लांब नाही. संस्था खाजगी आहे, अध्यक्ष गावातलेच. ज्यांच्याबद्दल लिहायला बसलोय ते तिथले चित्रकलेचे शिक्षक. पोरं त्यांना ‘ड्रॉइंग सर’ म्हणत. आम्ही बाकीचे शिक्षकही तेच म्हणत होतो. उंच, वाळलेले, पांढरा शर्ट, आणि खिशाला कायम निळा नाही तर हिरवा डाग. आवाज मात्र असा की ते पाचवीच्या वर्गात रागावले की दहावीची पोरं सरळ बसत.

आणि ते कायम रागावलेलेच असत. माणसांवर कमी, रंगांवर जास्त. निवडणुकीचं पोस्टर, दुकानाची पाटी, मिठाईवाल्याची जिलेबी, काहीही दिसलं की रस्त्यात थांबून म्हणायचे, “ह्याला हा रंग काहून दिला?” जसं काही तो रंग त्यांच्या घरातून चोरून नेलाय.

चहा ते फक्त पांढऱ्या कपात घ्यायचे. स्टाफरूममधले कप तपकिरी होते, म्हणून घरून स्वतःचा आणलेला. कोणी विचारलंच तर म्हणायचे, “आत माशी पडली तर दिसाया पायजे का न्हाई? तुमच्या कपात तुमी काय पिऊन राहिले ते तुमाला तरी माहीत हाय का?” इतिहासाचे सर एकदा म्हणाले, “सर, माशी पडली तर चव येईलच की.” त्यावर पूर्ण एक तास त्यांच्याशी बोलले नाहीत.

दुसरं म्हणजे वर्गातला लाल रंग. जूनमध्ये शाळा उघडली की ते प्रत्येक पोराच्या रंगपेटीतली लाल खडू-पेन्सिल काढून घ्यायचे आणि एका डब्यात टाकायचे. डबा टेबलावर. लाल पाहिजे असेल त्यानं उठून यायचं आणि कशाला पाहिजे ते सांगायचं.

“सर, लाल द्या.”

“काहून?”

“सर, फूल हाय.”

“कोणतं?”

“...फूलच.”

“जा, बघून ये. मग माग.”

पालकांनी तक्रार केली. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. हे म्हणाले, “साहेब, लाल हा ओरडणारा रंग हाय. लेकरानं ओरडावं, पण काहून ओरडून राहिलंय ते त्याला माहीत पायजे.” मुख्याध्यापकांनी हात जोडले. डबा टेबलावरच राहिला.

ते मेंढपाळाच्या घरातले. वडील मेंढरं घेऊन फिरायचे, भाऊ आजही फिरतो. रंगाशी त्यांची पहिली ओळख मेंढराच्या पाठीवर. “आमच्यात मेंढराला गेरू लावतेत ते सजवाया न्हाई,” ते सांगायचे. “कोणाच्या कळपातलं हाय ते कळाया.” ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की आम्ही ती ऐकणं सोडून दिलं होतं.

ते नेहमी बरोबर असायचे असं मात्र नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर हळदीच्या बाजारात गेलो. व्यापारी पॉलिश करताना हळदीला वरून रंग मारतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. ढिगातलं एक हळकुंड उचललं, रुमाल ओला करून घासलं, आणि पिवळा झालेला रुमाल झेंड्यासारखा वर धरून ओरडले, “हे बघा! हे बघा!” सगळा बाजार थांबला. व्यापारी शांतपणे म्हणाला, “सर, हळद हाय ती. पिवळी निघणार न्हाई तर काय हिरवी निघंल?” माणसं पोट धरून हसली. मी मान खाली घालून बाहेर आलो. हे मागून येत होते, तसेच तावात. “त्याचं बराबर हाय,” म्हणाले. “पण दुसरा कोणी घासून बघत न्हाई त्याचं काय?”

असा माणूस आमच्याकडं पंधरा-सोळा वर्षं विनाअनुदानित पदावर होता. म्हणजे हजेरी पूर्ण, काम पूर्ण, आणि हातात येणारं मानधन सांगायला लाज वाटावी असं. त्यांच्या घरचं चालायचं ते बायकोच्या शिलाई मशीनवर. त्यांच्या पदाला मान्यता मिळवायचा प्रस्ताव अध्यक्षांच्या सहीनं पुढं जायचा होता. दरवर्षी अध्यक्ष म्हणायचे, “या दसऱ्यानंतर बघू.” दसरा दरवर्षी येतो.

अध्यक्षांचं आणि शिक्षकांचं नातं काय असतं ते खेड्यातल्या खाजगी शाळेत नोकरी केलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. अध्यक्षांच्या पुतणीचं लग्न असलं की आम्ही वाढपी. निवडणूक असली की आम्ही चिठ्ठ्या वाटणारे. आणि खंडेनवमीला आम्ही गाड्या धुणारे. ऐकताना विनोद वाटेल. त्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर अध्यक्षांची वाहनं रांगेनं उभी करतात, दोन मोटारी, टिप्पर, ट्रॅक्टर. पदवी घेतलेले, बी.एड. झालेले लोक बादल्या घेऊन चाकं घासतात. मग झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू, नारळ, आरती. आमची पुस्तकं आणि खडू एका कोपऱ्यात पाटावर मांडलेले असतात, त्यांच्यावर उरलेली फुलं.

ड्रॉइंग सर गाड्या धुवायचे नाहीत. ते आपले ब्रश पाटावर मांडून त्यांच्याजवळ बसायचे. पण गाडीवर काही लिहायचं, रंगवायचं असलं की बोलावणं त्यांनाच. ते जायचे. रागावून जायचे, पण जायचे. मान्यता अडकलेली होती ना.

मागच्या वर्षी अध्यक्षांच्या मुलानं, त्याला सगळे भैय्या म्हणतात, नवीन काळी गाडी घेतली. दसऱ्याच्या आधी भैय्यानं सरांना बोलावून घेतलं. गाडीच्या चाकात डोकावलं तर जाळीतून एक चकचकीत तबकडी दिसते. तिला दोन्हीकडून धरणारा लोखंडी चिमटा असतो. ब्रेक दाबला की चिमटा तबकडी आवळतो आणि चाक थांबतं. त्याला कॅलिपर म्हणतात. शहरातली हौशी पोरं तो रंगवून घेतात, म्हणजे जाळीतून चमकतो. हे मला तेव्हाच कळलं.

“सर, चारी चाकाला लाल मारा. एकदम रेसच्या गाडीवानी,” भैय्या म्हणाला.

“हे काय काम करतंय?” सरांनी विचारलं.

“ब्रेक हाय सर.”

“म्हंजे थांबवतंय. मग ह्याला पळायचा रंग काहून?”

भैय्या हसला. “सर, तुमी मारा हो.”

दुसरा कोणी असता तर संध्याकाळपर्यंत लाल मारून मोकळा झाला असता. हे गॅरेजच्या मिस्त्रीकडं गेले. तो गाडीखाली झोपून काम करत होता, त्याच्या डोक्याशी बसले आणि ब्रेक निकामी कसा होतो ते विचारत राहिले. मिस्त्री वैतागून म्हणाला, “सर, ब्रेकचं ऑइल गळालं की खेळ खलास. अन् गळाया लागलं तर आधी इथंच ओल येते, कॅलिपरजवळ.” सरांचे डोळे चमकले. “लाल रंगावर ती ओल दिसंल?” मिस्त्री म्हणाला, “लालवर काय दिसायचं? काळपट दिसंल. पांढऱ्यावर चट्‌दिशी दिसंल. पण पांढरा कोण मारतंय?”

झालं. त्या दिवसापासून सरांना दुसरा विषय नव्हता. साधा ऑइलपेंट ब्रेकच्या उष्णतेनं जळतो म्हणून सायलेन्सरला लावतात तसला रंग लागणार होता. तो आमच्याकडं चंदेरी आणि काळाच मिळायचा. लाल भैय्यानं आणूनच ठेवला होता, पांढरा सरांनी नांदेडहून मागवला. मग उष्णतेनं पिवळा पडतो का ते बघायला त्यांनी तो घरच्या तव्याच्या पाठीवर लावून चुलीवर ठेवला. त्यांच्या बायकोनं मला रस्त्यात गाठलं. “भाऊजी, तुमी तरी सांगा ह्यांना. माझ्या तव्याला गाडी समजून राहिले. भाकरीला वास येऊन राहिला.” मी हसलो. मला तेव्हा हे सगळं मजेशीर वाटत होतं.

आता ती दुपार.

शाळेत पर्यवेक्षकाचं पद रिकामं होणार होतं आणि मला ते पाहिजे होतं. त्यासाठी मी सीताफळांची टोपली घेऊन अध्यक्षांच्या बंगल्यावर गेलो होतो. हो, गेलो होतो. पोर्चमध्ये अध्यक्ष झोपाळ्यावर बसले होते. तेवढ्यात सर पत्र्याचे दोन तुकडे घेऊन आले. एकावर लाल लावलेला, एकावर पांढरा, आणि दोन्हीवर ब्रेकच्या ऑइलचे थेंब. पांढऱ्यावर थेंबाची कड स्पष्ट दिसत होती. सरांनी सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगतात तसं, अध्यक्षांनाही “बघा, नीट बघा” म्हणत.

अध्यक्षांनी दोन्ही पत्रे बघितले. त्यांचा मूड बरा होता. म्हणाले, “सर, रंगातलं आमाला काय कळतंय? तुमाला पटंल तो लावा. पोरगं काय, म्हणतंच राहतंय.”

हे शब्द मी ऐकले. सीताफळांची टोपली माझ्या मांडीवर होती. तिथं तिसरा माणूस मीच होतो.

अष्टमीच्या दुपारी सरांनी चारही कॅलिपर रंगवले. आधी तारेच्या ब्रशनं खरवडले, थिनरनं पुसले, आजूबाजूला कागद चिकटवले. मी बघायला गेलो होतो. चाकापाशी उकिडवे बसून ते एखाद्या मूर्तीचे डोळे रंगवावेत तसे श्वास रोखून रंगवत होते. उठले तेव्हा गुडघे धरून म्हणाले, “पहिल्यांदा ह्या माणसाच्या गाडीला काहीतरी खरं लावलं.”

नवमीला सकाळी मैदानावर रांग लागली. अध्यक्षांबरोबर बाहेरचे चार पाहुणे होते. भैय्या आला, चाकात डोकावला आणि भडकला.

“हे काय? दवाखान्याची गाडी हाय का ही?”

पाहुणे हसले. त्यातला एक म्हणाला, “भैय्या, वरती लाल दिवा लाव, पेशंट न्यायला बरी.” भैय्याचं तोंड उतरलं. तो वडिलांकडं वळला, “पप्पा, ह्यांना मी लाल सांगितला होता. माझी इज्जत काढली ह्यांनी.”

सर पुढं आले. “अध्यक्षांनी सांगितलं पटंल तो लावा म्हणून.”

अध्यक्षांनी पाहुण्यांकडं बघितलं, मुलाकडं बघितलं. “मी? मी कवा म्हणलो?”

तेव्हा सर माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. निश्चिंत होते ते. साक्षीदार होता ना.

“सर होते तिथं. सर, सांगा.”

सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या हातात ओलं फडकं होतं, मी टिप्परचं चाक पुसत होतो. मी म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं.”

एवढंच. खोटं बोललो नाही, अशी त्या वेळी स्वतःची समजूत घातली. माझी नोकरी पक्की होती, मला कोणी सहज काढू शकत नव्हतं. ज्याची नोकरी कच्ची होती तो खरं बोलत होता, आणि ज्याची पक्की होती तो चाक पुसत होता. याचा मला आज संताप येतो.

सरांनी माझ्या हातातल्या फडक्याकडं बघितलं. म्हणाले, “बरं.” त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला.

दसऱ्यानंतर त्यांना सांगण्यात आलं की आता येऊ नका. कारण तोंडी दिलं : वर्तन. ते दुपारी सामान घ्यायला आले. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे बसलो होतो. त्यांच्या हातात भैय्यानं आणलेला लाल रंगाचा डबा होता, न वापरलेला. झाकण उघडलं, ब्रश बुडवला. आम्ही घाबरून उभे राहिलो. त्यांनी आमच्यापैकी कोणाला हात लावला नाही. आमच्या खुर्च्यांकडं गेले आणि एकेका खुर्चीच्या पाठीवर, बरोबर मध्यभागी, एक लाल पट्टा ओढला. कपाटाला नाही, टेबलाला नाही. फक्त खुर्च्यांच्या पाठींना. मेंढराला ओढतात तसा. मग ब्रश पुसला, आपला पांढरा कप उचलला आणि गेले.

अर्थ विचारायची कोणाला गरज पडली नाही. इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट होती ती.

तो रंग उष्णतेला न उडणारा. थिनरनंही पूर्ण निघाला नाही. मुख्याध्यापकांनी प्रत्येक खुर्चीच्या पाठीला टॉवेल घालून घेतले. बाहेरून आलेला माणूस म्हणतो, वा, काय टापटीप आहे तुमच्याकडं. पर्यवेक्षक म्हणून मला मिळालेल्या खुर्चीलाही टॉवेल आहे.

मी ही गोष्ट हल्ली एकदोघांना सांगितली. प्रत्येकानं एकच विचारलं : मग पुढं त्या गाडीचा ब्रेक फेल झाला का? नाही झाला. भैय्यानं दुसऱ्या आठवड्यात कॅलिपर लाल करून घेतले. गाडी छान चालते, छान थांबते. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. या प्रश्नाची मला चीड येते. खरं बोलणारा माणूस खरा ठरायला कोणीतरी मरावं लागतं का? त्यांना अध्यक्षांनी परवानगी दिली होती आणि मी ती ऐकली होती, एवढं पुरेसं नाही?

यंदाची खंडेनवमी आली. रांग तीच. मी आता चाक पुसत नाही, आरतीचं ताट धरतो. बढती म्हणतात ती हीच. नवीन पाहुणे होते, आणि अध्यक्ष त्यांना रंगवून सांगत होते, “गेल्या साली एका येड्या मास्तरनं पोराच्या गाडीचे ब्रेक पांढरे केले. न विचारता, बरं का!”

पाहुणे हसले. आमचे शिक्षकही हसले. ते ‘न विचारता’ मला गिळता आलं नाही. कसं झालं माहीत नाही, धाडस म्हणावं असं माझ्यात काही नाही.

“विचारलं होतं, साहेब,” मी म्हणालो.

“काय?”

“सरांनी तुमाला विचारलं होतं. पोर्चमध्ये. दोन्ही पत्रे दाखवले होते. तुमी म्हणले, पटंल तो लावा. मी तिथंच होतो. सीताफळं घेऊन आलो होतो.”

ताटातल्या निरांजनाची वात हलत होती. आमचे लोक गाड्यांच्या बॉनेटकडं बघत होते, तिथं काही लिहिलेलं असावं तसं. मुख्याध्यापक खोकले. अध्यक्ष नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “सर, आरती घ्या. वात इझून राहिली.”

मी ताट शेजारच्या सरांच्या हातात दिलं आणि गाडी काढून सरळ औंढ्याच्या रस्त्याला लागलो.

ड्रॉइंग सरांचं तिथं पत्र्याचं दुकान आहे. नंबरप्लेट, टेम्पोवरची नावं, दुकानाच्या पाट्या. हौशी पोरं कॅलिपर रंगवायला येतात तेव्हा ते पांढराच मारतात. लाल मागणाऱ्याला “काहून?” विचारतात, आणि बहुतेक पोरं तिथूनच परत फिरतात. दुकानात पाटावर ब्रश मांडलेले, त्यांना झेंडूची फुलं वाहिलेली. त्या ब्रशना खंडेनवमीला पहिल्यांदाच उरलेली नव्हे तर ताजी फुलं मिळाली असावीत.

वर्षभरात मी तिथं एकदाही गेलो नव्हतो. त्यांनी मान वर करून बघितलं. “या,” म्हणाले नाहीत.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. अध्यक्ष काय म्हणाले, मी काय म्हणालो, कोण कोण ऐकत होतं. सांगताना मला वाटत होतं की त्यांचा चेहरा आता सैल होईल. तो सैल झाला नाही, लाल झाला.

“कवा बोललात?”

“आत्ता. सकाळी.”

“आत्ता!” त्यांचा जुना आवाज आला. शेजारचा पंक्चरवाला बाहेर येऊन बघू लागला. “सालभरानं? अन् काहून बोललात? माझ्यासाठी, का तुमाला झोप येईना म्हणून?”

मी लाल रंग मागणाऱ्या पोरासारखा उभा राहिलो. पोराला तरी फूल म्हणता येत होतं.

“रंग ओला होता तवा बोलायचं होतं, सर. ओला असला की नुसत्या फडक्यानं निघतो. फडकं होतं की तुमच्या हातात त्या दिशी! आता वाळला. आता मला मास्तर कोण करतंय?”

“कोणी नाही,” मी म्हणालो.

आत त्यांच्या पत्नीनं शिलाई मशीन थांबवली होती. थोड्या वेळानं ती पुन्हा सुरू झाली.

मी म्हणालो, “माझ्या गाडीला पांढरा लावून द्याल?”

त्यांनी माझ्या गाडीकडं बघितलं. जुनी, लहान गाडी. उठून पुढच्या चाकात वाकून बघितलं. “गंज चढलाय. घाण हाय सगळी. ह्याच्यावर पांढरा धरणार न्हाई.” मग आत गेले, जॅक आणि पान्हा आणला, चाक उतरवून बाजूला ठेवलं, आणि तारेचा ब्रश माझ्यापुढं धरला.

“घ्या. खरवडा.”

मी नवमीचा इस्त्रीचा शर्ट घालून रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो. गंज निघून हातावर, बाह्यांवर पडत होता. ते स्टुलावर बसले, आपल्या पांढऱ्या कपात चहा घेतला. मला विचारला नाही. खूप वेळानं मला वाटलं की झालं, म्हणून मी मागं वळून त्यांच्याकडं बघितलं.

त्यांनी वाकून चिमट्याच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं.

“ते राहिलं की, सर.”